विली लोमनला शोकनायक म्हणायचं का?

तिसरी घंटा
आर्थर मिलरचं 'डेथ ऑफ अ सेल्समन' (१९४९) सर्रास शोकांतिका म्हणून शिकवलं जातं, आणि त्यातला फिरता विक्रेता विली लोमन शोकनायक म्हणून. मला ते मान्य नाही. सोफोक्लिसच्या ग्रीक नाटकातला राजा ईडिपस आधीच्या राजाच्या खुनाची स्वतःच चौकशी लावतो, ती फिरून त्याच्यावरच येते आणि डोळे फोडून घेतल्यावरही तो पूर्ण शुद्धीत आपल्या कृत्याबद्दल (नकळत बापाचा खून, आईशी लग्न) बोलतो. विलीला शेवटपर्यंत काहीच उमगत नाही. विम्याचे २०,००० डॉलर हाती आले की मुलगा मोठा होईल, याच भ्रमात तो जीव द्यायला गाडी काढतो. कीव येते, पण कीव म्हणजे शोकात्म अनुभव नव्हे. दैव, मग स्वभाव, मग आनुवंशिकता, मग समाज असं करत दोष नायकाबाहेर सरकत गेला आणि नायक लहान होत गेला.

विंगेतला
दैव काय नायकाच्या खिशात होतं? तेही बाहेरचंच. या तत्त्वज्ञानाच्या शिडीपेक्षा रंगमंचाकडे बघा, बदल तिथे दिसतो. तिसरा नट सोफोक्लिसने आणला असं अ‍ॅरिस्टॉटल सांगतो. त्याने काय साधलं? 'ईडिपस'मधला कॉरिंथच्या दूताचा प्रवेश घ्या. बाळ कुणी दिलं, त्याचे घोटे कसे टोचलेले होते, हे दूत आणि ईडिपस बोलतायत. योकास्ता, त्याची बायको आणि खरी आई, गप्प उभी आहे आणि सगळं कळतंय ते तिला. दोन नटांत हे जमलंच नसतं. ती आत जाते, कोरस गातो, मेंढपाळ येतो. मुखवटा बदलून तो योकास्ताच्याच नटाने करावा इतकी सवड नाटककाराने ठेवलीय. आजच्या प्रयोगात इथे हमखास माती होते: सगळा प्रकाश ईडिपसवर, योकास्ता काळोखात. अहो, प्रवेश तिचा आहे!

दर्शनी पडदा
विंगेतल्याला दुजोरा. शेक्सपिअरच्या ग्लोब नाट्यगृहाला दर्शनी पडदा नव्हता, प्रेतं सर्वांदेखत उचलूनच न्यावी लागत. म्हणून 'हॅम्लेट'च्या शेवटी नॉर्वेचा राजपुत्र फोर्टिनब्रास चार कप्तानांना हॅम्लेटचं प्रेत उचलायला सांगतो, तोफा उडतात. राज्य मार्गी लागल्याचा जो दिलासा समीक्षक तिथे शोधतात, त्यातला निम्मा तरी या अडचणीतून आलाय असं माझं मत. एकोणिसाव्या शतकातल्या नॉर्वेजियन नाटककार इब्सेनकडे पडदा होता. 'हेडा गाब्लर'मध्ये (१८९०) आत हेडाच्या आत्महत्येचा पिस्तुलाचा बार, 'असं कुणी करत नाही' या अर्थाचं न्यायाधीश ब्राकचं वाक्य, पडदा. सांत्वनाला जागाच नाही. 'गोस्ट्स'मध्ये (१८८१) तर असाध्य आजारी मुलाला मरणासाठी मॉर्फिन द्यायचं की नाही या कात्रीत आई सापडलेली असतानाच पडदा पडतो. ग्रीक किंवा एलिझाबेथन रंगमंचावर असा शेवट करून दाखवा.

तिसरी घंटा
सगळं सुतारकामावर ढकलू नका. नेहम टेटने १६८१ मध्ये 'किंग लिअर' बदलून लिहिलं. मूळ नाटकात मरणारी लिअरची मुलगी कॉर्डेलिया इथे जगते, एडगरशी लग्न करते. हे रूप जवळजवळ दीडशे वर्षं चाललं. कॉर्डेलियाला मारून दाखवायला रंगमंच असमर्थ होता का? नाही. सज्जनाला न्याय मिळालाच पाहिजे, ही प्रेक्षकांची मागणी होती. बदललं ते मन.

विंगेतला
मन बदललं हे कबूल. पण १६६० नंतर इंग्लंडात स्त्रीपात्रं स्त्रिया करू लागल्या, हे विसरलात. नटी रंगमंचावर आली की तिला प्रेमप्रकरण लिहून देण्याचा मोह आलाच.

निघंटू
तुम्ही दोघंही 'शोकांतिका' या शब्दात अडकलाय. हा शब्द फक्त शेवट मोजतो. युरिपिडीसच्या 'इफिजेनिया इन टॉरिस'मध्ये बळी देण्याआधी बहिणीला भाऊ ओळखू येतो, दोघंही वाचतात. अ‍ॅरिस्टॉटल असल्याच रचनेला एके ठिकाणी सर्वोत्तम म्हणतो. एस्किलसची 'ओरेस्तेइया' (इ.स.पू. ४५८) ही त्रिनाट्यधारा आईला मारणाऱ्या ओरेस्तेसच्या, समसमान मतांनी झालेल्या सुटकेवर संपते. म्हणून 'शोकात्मिका' बरा. मग प्रश्न 'कोण मेलं' असा न राहता 'कुणाला, कधी कळलं' असा होतो.

आणि त्या कसोटीवर सेल्समन नापास होत नाही. थडग्यापाशी विलीचा मुलगा बिफ म्हणतो की बापाला आपण कोण हे कधी कळलंच नाही, आणि आपण कोण हे मला कळलंय. उमज दुसऱ्याकडे गेली. ईडिपसआधी योकास्ताला कळणं याच जातीचं नाही का?

दर्शनी पडदा
त्याच प्रवेशात प्रयोग घसरतात, तेवढं सांगतो. घराचा शेवटचा हप्ता आज भरला, असं विलीची बायको लिंडा थडग्याशी सांगते. आपल्याला रडू येत नाही, हेही तीच सांगते. पण नटी पहिल्या वाक्यापासून गळा काढते, मग शेवटी खरोखर हुंदका फुटतो तेव्हा हातात काहीच उरत नाही. हप्त्याचं वाक्य कोरडं, हिशेब सांगावा तसं यायला हवं.

तिसरी घंटा
कोरडं वाक्य मान्य. बिफचा मुद्दाही मान्य. पण निघंटू, तुमच्याच कसोटीने शोकनायक बिफ ठरतो. विली लोमन नाहीच.

निघंटू
मग ईडिपसच्या नाटकाला योकास्ताचं नाव देणार का?