कॅबिनेटला तयार व्हील की पॉट आणि बोर्ड?

रेसखुळा (टिळकवाडी, बेळगाव): काल कुणीतरी इथं लिहिलंय, "घरच्या ड्रायव्हिंग गेमच्या कॅबिनेटला सरळ तयार यूएसबी व्हील आणा, पॉट आणि बोर्डची खटपट म्हणजे रिकामटेकड्यांचा उद्योग." मी तो रिकामटेकडा. अरे, १९८६च्या आऊट रन या आर्केड गेमचं स्टीअरिंग पॉटवरच, म्हणजे फिरवलं की व्होल्टेज बदलणाऱ्या बटणावरच चालायचं. ५के (पाच किलोओहम) पॉट, आर्डुइनोचा लिओनार्डो बोर्ड, तीन वायरी. कॉम्प्युटरला बोर्ड थेट जॉयस्टिक म्हणून दिसतो. ९०० अंश फिरणारं व्हील घेऊन आऊट रन खेळणं म्हणजे ट्रकनं भाजी आणायला जाणं.

निपाणीकर: मीच तो. ९०० अंश सेटिंगमधून २७० करता येतात, माहीत नसेल तर विचार की. आणि फोर्स फीडबॅक, चाक हाताला उलटा जोर देतं ते? तुझ्या पॉटला धक्का बसतो का?

रेसखुळा: आऊट रनच्या साध्या उभ्या कॅबिनेटमध्ये चाकाला मोटर होती, ती मीपण लावीन.

निपाणीकर: "लावीन." तीन वर्षं हेच ऐकूलालो.

खानापूरचा: माझं ऐका. खडेबाजारातून पॉट आणला, जोडला, चाक सरळ धरलं तरी गाडी डावीकडे गवतात. दोन रात्री कोड बघितला. शेवटी पॉट उलटा केला तर मागं 'ए५के' छापलेलं. आवाजाच्या बटणाचा लॉग पॉट, मध्यावर ठेवला तरी अर्धा आकडा देत नाही! बी लागतो, बी, सारखा वाढणारा. दुकानदार म्हणतो, पाच के मागितलं, पाच के दिलं.

रेसखुळा: दुकानदाराचं चुकलं नाही. चाकाचा दांडा पॉटला जोडणारा तुझा कपलिंग कुठला?

खानापूरचा: उद्यमबागेतला टर्नर एक नग करीनाच. "शंभर सांग, मग बघू."

कोल्हापुरी पाव्हणा: आमच्या शिवाजी उद्यमनगरात या, उभ्या उभ्या करून देतील.

रेसखुळा: झालं! उद्यमबागेतला माणूस भेटीला गेला, चहा पाजला, की करतो. फोनवर नग मागाल तर कोण करील?

कोल्हापुरी पाव्हणा: म्हणजे एका कपलिंगला वशिला लागतो. छान.

रेसखुळा: वशिला नाही, ओळख! माझा त्यानं लेथवर अर्ध्या तासात केला, पैसे घेतले नाहीत. तुमच्याकडं आधी 'भावा', मग बिल.

खानापूरचा: बिल देतात तेवढं तरी. मी चार खेपा मारल्या, पेट्रोल कुणाच्या बापाचं?

निपाणीकर: कपलिंगवरून सीमाप्रश्न काढलात. पेडलचं बोला. पेडल जेमतेम ६० अंश दबतो, पॉट फिरतो ३००. म्हणजे बोर्ड मोजतो त्या १०२४ पायऱ्यांतल्या दोनशेच हाती. ब्रेक कसला, स्विच तो.

रेसखुळा: ...हे खरं. गिअर लावला तर वाढतात. नाहीतर १२ बिटचा, म्हणजे ४०९६ पायऱ्यांचा बोर्ड घ्या, त्यातच आठशे मिळतात.

निपाणीकर: म्हणजे आणखी एक टर्नर, आणखी चहा. माझं व्हील पेडलसकट आलं, संध्याकाळी खेळत होतो.

रेसखुळा: बरं, पोल पोझिशन गेम खेळून दाखव. त्या १९८२च्या गेमचं चाक गरागरा फिरतं, कुठं अडतच नाही. तुझं २७०ला थांबतं.

निपाणीकर: तुझा पॉट काय, फिरतो होय?

रेसखुळा: नाही. त्याला ऑप्टिकल एन्कोडर, म्हणजे प्रकाशानं फिरणं मोजणारा सेन्सर लागतो, दुसरं चाक करणार आहे.

खानापूरचा: "करणार आहे." कपलिंग दोन सांग त्याला, एक माझा.