लॅपटॉप नवा, सर्व्हर जुना आणि काट्यावर उसाच्या गाड्या

वजनकाटा: शेजारच्या धाग्यात एकाने ठणकावलंय, "सेंटओएस ६ अजून चालवणाऱ्यांनी एसएसएचच्या नावाने रडू नये." आमच्या काट्याचा सर्व्हर याच जुन्या लिनक्सवर आहे, आणि दुरून त्यात शिरायची वाट म्हणजे एसएसएच. दोन दिवस गप्प होतो, आता राहवत नाही. ऐन गळीत हंगामात ऑफिसने उबंटू २२.०४ चा लॅपटॉप हातात दिला. रात्री अकराला काट्याचा सर्व्हर अडकला. घरून लॉगिन करायला गेलो तर होस्ट-कीचा, म्हणजे सर्व्हरच्या ओळखीच्या किल्लीचा, प्रकारच जुळत नाही. पासवर्ड तोच, व्हीपीएन तोच, आदल्या दिवशी जुन्या लॅपटॉपवरून सगळं सुरळीत. शेवटी मोटरसायकल काढून बावीस किलोमीटर गेलो. तोवर गाड्यांची रांग डांबरी रस्त्यापर्यंत. ऊस वाळतो, वजन घटतं, नुकसान शेतकऱ्याचं. सर्व्हर मी निवडला नाही, बदलायची सही माझी नाही. मग शिव्या मला का?

क्रॉनटॅब: ते मीच लिहिलं होतं, आणि मागे घेणार नाही. सेंटओएस ६ चा सपोर्ट ३० नोव्हेंबर २०२० ला संपला. शा-१ म्हणजे मजकुराचा ठसा काढायची जुनी पद्धत. तिची टक्कर, म्हणजे दोन वेगळ्या मजकुरांचा एकच ठसा, ५० हजार डॉलरच्या आत घडवता येते, हे ओपनएसएसएच ८.८ च्या (एसएसएचचं नेहमीचं सॉफ्टवेअर) रिलीज नोटमध्येच आहे. २०२१ मध्ये आरएसए, म्हणजे तुमच्या सर्व्हरच्या किल्लीचा प्रकार, बंद केलं ते उगाच नाही.

रूट_मावशी: आरएसए बंद नाही केलं हो! शा-१ वाली सही डिफॉल्टमधून काढली. तीच आरएसए की नव्या शा-२ ने चालते, ओपनएसएसएच ७.२ पासून. काट्याच्या सर्व्हरवरच्या ओपनएसएसएच ५.३ ला ती शा-२ ची सही येत नाही, एवढंच. वजनकाटा, लॅपटॉपवरच्या एसएसएच कॉन्फिगमध्ये त्या एका होस्टखाली एसएसएच-आरएसए (जुन्या सहीचं नाव) प्लस करून जोडा. आमच्याकडे एका पोराने ते स्टारखाली, म्हणजे सगळ्या होस्टसाठी, टाकलं आणि सगळ्याच सर्व्हरांना जुनी सही चालू झाली. ऑडिटमध्ये बोलणी मी खाल्ली.

क्रॉनटॅब: शब्दात पकडलंत, बरोबर आहे. पण आम्ही रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स ९ वर गेलो, तिथे प्लस लावूनही भागत नाही. सिस्टिमची क्रिप्टो पॉलिसीच, म्हणजे सगळ्या प्रोग्रामांना लागू असलेला सुरक्षा-नियम, शा-१ अडवते.

एएमसीग्रस्त: मूळ दुखणं एएमसीवाले, म्हणजे वार्षिक देखभालीचा करार घेतलेले सॉफ्टवेअरवाले, आहेत. आमचा म्हणतो, ओएस बदललीत तर सॉफ्टवेअरची जबाबदारी आमची नाही. सोर्स देत नाही, इन्स्टॉलरही देत नाही, वर्षाचे पैसे मात्र एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात पाहिजेत.

वजनकाटा: आमचाही तोच सूर! दोनदा लेखी मागितलं. उत्तर आलं, "नवीन व्हर्जन घ्या." कोटेशन बघून लेखापाल उठूनच गेले.

क्रॉनटॅब: मग करारात इन्स्टॉलरची अट का घातली नाही?

एएमसीग्रस्त: करार झाला तेव्हा मी कॉलेजात होतो. तुमच्याकडे बजेट आहे, म्हणून तोंड चालतंय.

क्रॉनटॅब: बजेट? दोन वर्षांपूर्वी असाच एक जुना सर्व्हर बाहेरून फोडला गेला. सलग चार रात्री मी बॅकअप उतरवत बसलो होतो, घरी मुलगी तापाने फणफणलेली. म्हणून तोंड चालतं.

रूट_मावशी: दोघेही थांबा. डेबियन ११ (दुसरं लिनक्स) चं छोटं मशीन मध्ये ठेवा, तिथलं एसएसएच ८.४ आहे, जुनी सही घेतं. बाहेरचं जग त्याच्या अलीकडेच अडवायचं.

वजनकाटा: मधल्या मशीनमधून थेट पुढे नेणारा एसएसएचचा प्रॉक्सीजंप लावून पाहिला, तीच एरर.

रूट_मावशी: येणारच. जंपमध्ये बोलणी तुमच्या लॅपटॉपची आणि सर्व्हरचीच होतात, मधलं मशीन फक्त वाट देतं. आधी त्या मशीनवर लॉगिन व्हा, मग तिथून पुढे जा.

क्रॉनटॅब: हे चालेल. हंगाम संपेपर्यंत. आणि त्या सर्व्हरचं इंटरनेट आजच तोडा.

वजनकाटा: तोडतो. पण मार्चअखेरपर्यंत त्या सर्व्हरला मी हात लावणार नाही. गाड्या उभ्या राहिल्या तर उत्तर द्यायला तुम्ही काट्यावर नसता.