मंडळीने वर्षभरात नवा करार एकत्र वाचायचा आहे: योजना आणि कामाची वाटणी कशी करावी?

पाळक_गोदाकाठ

सर्वांना प्रभूमध्ये सलाम.

ग्रामीण मंडळी आहे, सुमारे ४० कुटुंबं. निम्म्या घरांत पवित्र शास्त्र (बायबल) रोज उघडलं जात नाही. वयस्कर मंडळींना बारीक अक्षर दिसत नाही आणि इंग्रजी माध्यमाची मुलं मराठी अडखळत वाचतात. वर्षभरात सगळ्यांनी मिळून नवा करार वाचावा असा विचार आहे. मदतीला पाच-सहा जण तयार आहेत, पण काम ठरलं की शेवटी सगळं पाळकाच्याच अंगावर येतं.

तीन गोष्टी विचारायच्या आहेत. वाचन कुठून आणि कसं सुरू करावं? मदतनिसांत काम कसं वाटावं? आणि आठवडाभर उपदेशाच्या तयारीसाठीच शास्त्र उघडलं जातं, तेव्हा पाळकाचं स्वतःचं वाचन कसं टिकावं?

जास्त अध्याय वाचले म्हणजे विश्वास वाढला, असं मी धरत नाही. पण रोमकरांस पत्राच्या १०व्या अध्यायात पौल विश्वासाचा धागा ऐकण्याशी जोडतो. मंडळीत ऐकणंच कमी झालं असेल तर तिथूनच सुरुवात करायला हवी, असं वाटतं.

---

वचनवाट

सलाम पाळकसाहेब. आधी हिशेब मांडू. नव्या करारात २७ पुस्तकं आणि २६० अध्याय आहेत. आठवड्याला पाच दिवस, रोज एक अध्याय धरला तर ५२ आठवड्यांत बरोबर संपतो. कागदावर हे इतकं नेमकं बसतं की सगळ्यांना त्याचा मोह पडतो. पण त्यात एकही आठवडा मोकळा नाही. सुगी, दिवाळी, लग्नसराई, घरातलं आजारपण यासाठी जागाच उरत नाही. शिवाय मत्तयापासून सुरुवात केली की पहिल्याच दिवशी वंशावळ येते, आणि अडखळत वाचणारा तिथेच पुस्तक मिटतो.

म्हणून पहिल्या वर्षी २६०चा नाद सोडा. ६८ अध्याय घ्या: मार्क १६, लूक २४, प्रेषितांची कृत्ये २८. मार्क सगळ्यात छोटं शुभवर्तमान आहे आणि वेगाने पुढे सरकतं. लूक आणि कृत्ये ही दोन्ही पुस्तकं थियफिल नावाच्या एकाच माणसाला उद्देशून लिहिलेली असल्याने एक संपलं की दुसऱ्यात गोष्ट पुढे चालू राहते.

सुरुवात भस्म बुधवारी करा, म्हणजे लेंतच्या (ईस्टरआधीच्या उपवासकाळाच्या) पहिल्या दिवशी. लेंतमधले रविवार वगळले की पवित्र शनिवारपर्यंत ४० दिवस होतात. मार्क आणि लूक मिळून अध्यायही ४०च. रोज एक वाचत गेलं की तिसऱ्या पूर्ण आठवड्याच्या सोमवारी, म्हणजे १७व्या दिवशी, लूक सुरू होतो. ३८व्या दिवशी लूक २२ येतो. तो गुरुवार, आणि अध्यायात वल्हांडणाचं शेवटचं भोजन आहे. ३९व्या दिवशी, गुड फ्रायडेला, वधस्तंभाचा २३वा अध्याय येतो. ही जुळणी मुद्दाम करावी लागत नाही, क्रमाने वाचत गेलं की आपोआप होते.

दोन ठिकाणी मात्र हात घालावा लागतो. ४०व्या दिवशी लूक २४ येतो, म्हणजे पुनरुत्थान शनिवारीच वाचून होईल. तसं करू नका. शनिवार वाचनाविना जाऊ द्या आणि २४वा अध्याय ईस्टरच्या पहाटे सगळ्यांनी एकत्र मोठ्याने वाचा. दुसरं, येरुशलेमेतला प्रवेश असलेला लूक १९ सोमवारी पडतो. त्यातली २८ ते ४४ ही वचनं आदल्या दिवशी, झावळ्यांच्या रविवारी, उपासनेत घ्या. सोमवारी घरी पुन्हा वाचताना लोकांना तो भाग ओळखीचा वाटतो. आणि लूक १ मध्ये ८० वचनं आहेत, नव्या करारातला सगळ्यात लांब अध्याय. तो सकाळ-संध्याकाळ असा दोनदा विभागा.

पेंटेकॉस्टच्या (ईस्टरनंतरच्या सातव्या रविवारच्या) दुसऱ्या दिवसापासून कृत्ये घ्या, आठवड्याला पाच अध्याय. सहाव्या आठवड्यात संपतो.

एक नियम पहिल्याच दिवशी जाहीर करा: ज्याचे दिवस चुकले त्याने मागचं भरून काढायचं नाही, आजच्या अध्यायात यायचं. योजना मोडते ती इथेच. नऊ दिवस मागे पडलेला माणूस नऊ अध्यायांच्या ओझ्याने दहाव्या दिवशीही येत नाही, आणि मग लाजेने रविवारीही मागच्या बाकावर बसतो. घराघरांतून टिकमार्कांचे तक्ते गोळा करू नका. तक्त्यातून फक्त उपस्थिती कळते, आणि विश्वासाचं मोजमाप म्हणून तो भिंतीवर लागला की लोक न वाचताही खुणा करतात.

---

शब्बाथशाळा_ताई

वाचनाच्या बाजूने थोडं लिहिते.

एकत्र वाचायचं असेल तर भाषांतर एकच ठरवा. एकाच्या हातात बायबल सोसायटीची रिव्हाइज्ड आवृत्ती, दुसऱ्याच्या हातात सोपं भाषांतर, तिसऱ्याच्या मोबाइलवर आणखी वेगळं, असं असलं की डोळ्यांनी मागोवा घेणारा दुसऱ्या ओळीत हरवतो. मोठ्याने वाचायला मंडळीत रुळलेलीच आवृत्ती ठेवा आणि सोपं भाषांतर गटप्रमुखाजवळ, अवघड वचनापुरतं. सोप्या भाषांतराला कमी लेखू नका. पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये भाषांतर केलं ते साध्या बायाबापड्यांना कळावं म्हणूनच, आणि त्याच्या छपाईत तिथल्याच मुलींचे हात होते.

गट आठ ते दहा जणांचा करा. बाराच्या वर गेला की तिघेच बोलतात आणि बाकीचे ऐकून घरी जातात. आठवड्यातून एकदा एका घरी, एक तास: गीत १० मिनिटं, वाचन १५, बोलणं २०, प्रार्थना १५. प्रार्थना शेवटी ठेवली की चर्चा लांबून तिचा वेळ खाते, म्हणून घड्याळ पाहणारा माणूस वेगळा नेमा. प्रश्न चारच: इथे काय घडतं? देवाविषयी काय कळतं? काय कळलं नाही? या आठवड्यात आपण काय करायचं? तिसरा प्रश्न गाळू नका. "मला हे समजलं नाही" असं म्हणायची मोकळीक मिळाली की लोक खरं बोलायला लागतात. उत्तर लगेच द्यायचीही गरज नाही, वहीत लिहून पाळकांकडे पाठवा.

उपासनेत शास्त्रपाठ वाचणाऱ्याला उतारा बुधवारपर्यंत हातात द्या. रविवारी सकाळी दिला तर तो नजरेने चाळतो आणि थेस्सलनीकाकरांवर अडतो. त्याने घरी तीनदा मोठ्याने वाचावं आणि श्वास कुठे घ्यायचा तिथे पेन्सिलीने रेघ मारावी. पुस्तक, अध्याय, वचन सांगितल्यावर १० ते १५ सेकंद थांबावं, लोक पानं उलटत असतात. माइक तोंडापासून वीतभर लांब. नहेम्याच्या ८व्या अध्यायात नियमशास्त्र स्पष्ट वाचलं आणि अर्थ सांगितला, तेव्हा लोकांना ते समजलं. तिथे वाचणारा शास्त्री एज्रा एकटा नव्हता. त्याच्या दोन्ही बाजूंना माणसं उभी होती आणि मंदिराची सेवा करणारे लेवी लोकांना समजावत होते.

इंग्रजी माध्यमाच्या मुलांना अख्खा परिच्छेद देऊ नका. दोन वचनं द्या, आदल्या संध्याकाळी सांगून. सातवी-आठवीतलं एक मूल आणि एक आजी अशी जोडी लावली तर दोघांचंही होतं: मुलाचं मराठी सुधारतं आणि आजीला अध्याय ऐकायला मिळतो. वाचन आजीच्या घरी, घरातलं मोठं माणूस समोर असताना. मुलांच्या वर्गात कायम दोन प्रौढ हवेत आणि दार उघडं, याला अपवाद करू नका.

व्हॉट्सॲप ग्रुपवर पोस्ट करण्याची मुभा फक्त ॲडमिनना ठेवा. नाहीतर आठवड्यात सुप्रभातचे फोटो आणि फॉरवर्ड यांच्याखाली अध्याय गाडला जातो. बोलण्यासाठी दुसरा ग्रुप करा. अध्याय वाचून पाठवायचा तर सहा मिनिटांच्या आतल्या तुकड्यांत, पुस्तकाचं नाव आणि अध्याय आधी उच्चारून. हे रेकॉर्डिंग यूट्यूबवर टाकायचा विचार आला तर आधी भाषांतराच्या प्रकाशकांची लेखी परवानगी घ्या. मजकुराचे हक्क त्यांच्याकडे असतात.

---

जुना_पाळक

पाळकसाहेब, "सगळं पाळकाच्याच अंगावर येतं" याचं कारण बहुतेक वेळा मदतनिसांचा आळस नसतो. काम दिलेलं असतं, पण निर्णय दिलेला नसतो. गीत कोणतं, सभा कोणाच्या घरी, चहा करायचा की नाही, हे सगळं विचारायला माणसं तुमच्या दारी येणार असतील तर तुम्ही काम वाटलं नाही, फक्त निरोप्ये नेमले.

निर्गमाच्या १८व्या अध्यायात सासरा इथ्रो मोशेला हेच सांगतो. हजार, शंभर, पन्नास आणि दहा यांच्यावर माणसं नेम, लहान प्रकरणं त्यांनी निकालात काढावीत, मोठं तेवढंच तुझ्याकडे यावं. माणसं निवडण्याच्या त्याच्या अटी पाहा: कर्तबगार, देवाचं भय बाळगणारी, सत्यप्रिय, लाचेचा तिटकारा असलेली. बोलकेपणा त्या यादीत नाही. आपण मात्र आधी तोच पाहतो.

कृत्ये ६ तर समोर ठेवूनच गट नेमा. तक्रार ग्रीक भाषा बोलणाऱ्यांची होती की रोजच्या वाटपात आपल्या विधवांची उपेक्षा होते. जे सात निवडले गेले त्यांची नावं वाचा, सातही नावं ग्रीक आहेत. ज्यांच्या बाजूने तक्रार आली, त्यांच्याकडच्या माणसांच्या हाती वाटप गेलं असं दिसतं. मंडळीत जी आळी, जे कुटुंब नेहमी मागे पडतं, तिथला एक तरी माणूस गटप्रमुख करा. सगळे मदतनीस दोनच घरांतले असले की बाकीच्यांना ती योजना त्या घरांचीच वाटते, आणि अशी समजूत झाली की पुसायला वर्षं जातात.

४० कुटुंबांना पाच गट पुरतील, एकेका गटात आठ घरं. सभेला प्रत्येक घरातून एक-दोघेच येतात, म्हणून संख्या आटोक्यात राहते. वाढली तर गटाचे दोन करा. प्रत्येक गटाला प्रमुख आणि जोडीला उपप्रमुख हवाच. येशूने दोघादोघांना पाठवलं त्याचा व्यवहारातला उपयोग असा, की एक आजारी पडला तरी सभा बुडत नाही. नेमणूक एक वर्षाची, आणि तशी तोंडी नव्हे तर पास्टोरेट कमिटीच्या (मंडळीचा कारभार पाहणाऱ्या समितीच्या) किंवा पंचांच्या ठरावात. ठराव नसला की निवडून आलेले पंच आणि नेमलेले प्रमुख यांच्यात "तुला कोणी अधिकार दिला?" हा प्रश्न तिसऱ्या महिन्यात उभा राहतो.

महिन्यातून एकदा प्रमुखांची ४५ मिनिटांची बैठक घ्या. कागदावर तीन रकाने: काम, कोण, कधीपर्यंत. कोण या रकान्यात एकच नाव. "सगळे मिळून" लिहिलंत की ते काम होत नाही. खर्चासाठी वेगळी वही, पैसे मोजताना दोन माणसं आणि दोघांच्या सह्या. रक्कम २०० रुपये असली तरी.

गटप्रमुख चुकीचं काही शिकवून गेला तर? रविवारी व्यासपीठावरून दुरुस्त करू नका. कृत्ये १८ मधला उपदेशक अपुल्लो आवेशाने शिकवत होता पण त्याला फक्त योहानाचा बाप्तिस्मा ठाऊक होता, तेव्हा प्रिस्किल्ला आणि अक्विला यांनी त्याला जवळ घेऊन मार्ग अधिक नीट समजावला. चारचौघांत दुरुस्त केलेला माणूस पुढच्या वेळी तोंडच उघडत नाही. आणि प्रिस्किल्लेचं नाव तिथे आहे, हे महिला मंडळातून प्रमुख निवडताना लक्षात असू द्या.

---

पाळक_गोदाकाठ

फार उपयोग झाला. लेंतची मांडणी तर उद्याच कमिटीपुढे ठेवतो. एक अडचण आहे: नऊ-दहा कुटुंबं ऊसतोडीला जातात. लेंतच्या काळात ती कारखान्याच्या फडावर असतात. त्यांचं काय करावं? आणि माझा तिसरा प्रश्न राहिला.

---

वचनवाट

गाळप हंगाम दिवाळीच्या सुमारास सुरू होतो, म्हणजे ती घरं गाव सोडतात तेव्हा लेंतला तीन-चार महिने असतात. मार्क आणि लूकचे ४० अध्याय आधीच रेकॉर्ड करून त्यांच्या फोनच्या मेमरी कार्डवर टाका. फडावर नेटवर्क आणि चार्जिंग दोन्हींचा भरवसा नसतो, रोज पाठवलेला आवाज पोहोचेलच असं नाही. फाइलींना ०१ ते ४० असे आकडे द्या, नाहीतर फोन त्या उलटसुलट लावतो. पहाटे अंधारात तोडीला निघणाऱ्याला सकाळी वाचायला सांगू नका, रात्री चुलीपाशी ऐकणं जमतं. एकाच टोळीत आपले दोन-तीन कोयते (तोडणाऱ्या नवरा-बायकोच्या जोड्या) असतील तर तोच गट धरा आणि त्यातल्या एकीला प्रमुख नेमा, जाण्याआधी रविवारी सगळ्यांसमोर तिच्यासाठी प्रार्थना करून. पेंटेकॉस्टपर्यंत ही घरं परतलेली असतात, त्यामुळे कृत्ये सगळ्यांनी मिळून होईल.

---

जुना_पाळक

तिसऱ्या प्रश्नाबद्दल. उपदेशाचा उतारा आणि स्वतःचं वाचन ही पुस्तकंच वेगळी ठेवा. उपदेश लूकवर चालू असेल तर स्वतःसाठी स्तोत्रसंहिता घ्या, रोज पाच स्तोत्रं, ३० दिवसांत १५० होतात. ११९व्या स्तोत्रात १७६ वचनं आहेत, त्याला एक दिवस स्वतंत्र द्या आणि महिना ३१ दिवसांचा धरा. त्या वेळी हातात पेन घेऊ नका. पेन असलं की चांगलं वचन दिसताच मन रविवारकडे धावतं, आणि देवाने तुम्हाला सांगितलेलं तुम्ही ऐकायच्या आधीच मंडळीसाठी बाजूला काढता.

उपदेशाचा उतारा सोमवारी ठरवा. मंगळवारी तो मंडळीतल्या तिघांना द्या: एक शेतकरी, एक गृहिणी, एक कॉलेजचं मूल. कुठे अडलं एवढंच विचारा. टीकाग्रंथ बुधवारनंतर उघडा. आधी उघडलात तर विद्वानांच्या शंकांची उत्तरं रविवारी दिली जातात आणि त्या तिघांच्या शंका तशाच राहतात.

आणि तुमचं नाव एका गटात घाला. प्रमुख म्हणून नव्हे. वाचनाची पाळी आली की दोन वचनं वाचायची आणि पुढच्याकडे द्यायची.