ई-क्लासच्या जमिनीवर बगीचा: करावा की नाही?

काळीमाती: आता लहान गावांतही ई-क्लासच्या, म्हणजे गावातल्या सरकारी जमिनीच्या, पडीक तुकड्यावर बगीच्याचे ठराव येऊ लागलेत. माझ्या मते करावा. न्यूयॉर्कचा सेंट्रल पार्कसुद्धा खडक आणि दलदल असलेल्या जागेवरच उभा राहिला. १८५८ साली ऑल्मस्टेड आणि वॉक्स या रचनाकारांचा आराखडा निवडला गेला, तळी खोदली, बाहेरून माती आणली. आज तिथं ८४३ एकर बाग आहे. जागा तशीच सोडली की अतिक्रमण ठरलेलं.

निंबाखाली: भाऊ, ती जागा रिकामी नव्हती. सेनेका व्हिलेज नावाची वस्ती होती तिथं, बहुतेक कृष्णवर्णीयांची, कित्येकांची जमीन स्वतःच्या मालकीची. १८५७ मध्ये सगळे उठवले. आपल्या ई-क्लासवरही गावची ढोरं चरतात. तारकुंपण झालं की ती लोकांच्या शेतात शिरतील, अन् धुऱ्यावर रोजची भांडणं.

काळीमाती: त्याच पार्कच्या शीप मेडो या गवताळ मैदानावर १९३४ पर्यंत मेंढ्या चरत होत्या! अर्धी जागा चराईला ठेवा, अर्ध्यात बगीचा.

बोरवेल: पाण्याचं कोणीच बोललं नाही. उन्हाळ्यात लॉनला रोज किमान ५ मिमी पाणी लागतं, म्हणजे चौरस मीटरला ५ लिटर. एका एकराला २० हजार लिटर, १० हजारांचे दोन टँकर, तेही रोज! दुसरं म्हणजे पायवाटेचे पेव्हर ब्लॉक. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, त्यामुळे मातीवर थेट बसवलेले ब्लॉक वरखाली होतात. काळा थर काढा, मुरूम थराथरानं पाणी मारून दाबा, वर गिट्टी, मग दगडाची चुरी, अन् पाण्याला उतार द्या. ठेकेदार नेमका मुरुमाच्या थरातच हात आखडतो, म्हणून ब्लॉक बसण्याआधी गावानं तो खोदून मोजावा.

निंबाखाली: मग लॉन नकोच. मे महिन्यात २ बाय २ बाय २ फुटांचे खड्डे खणून तापू द्या, चांगला पाऊस पडला की निंब, करंज, चिंच लावा. बुंध्याशी माती थोडी उंच ठेवा. काळ्या मातीतल्या खड्ड्यात पाणी तुंबतं अन् मुळं सडतात. निंबाला बकऱ्या तोंड लावतात, त्याला बाभळीच्या काट्यांचं कुंपण हवंच. शंभर झाडांना आठवड्याला १५ लिटरप्रमाणे दीड हजार लिटर, दोन उन्हाळे.

काळीमाती: झाडं मान्य. पण पायवाट, दिवे आणि बाकडी मी सोडणार नाही. पारावर माणसंच बसलेली असतात, बायकांनी संध्याकाळी बसायचं कुठं?