मुखपृष्ठ हरवते तेव्हा

जुन्या रहस्यकथांची भडक मुखपृष्ठे ही निव्वळ जाहिरात होती, त्यांना कला म्हणू नये, हे मत मला पटत नाही. ती विक्रीसाठीच काढली जात, हे खरे. पण 1930च्या दशकात ‘वीअर्ड टेल्स’ या अमेरिकन मासिकासाठी मार्गारेट ब्रंडेज यांनी पेस्टलमध्ये काढलेली चित्रे, किंवा मराठी रहस्यकथाकार बाबूराव अर्नाळकरांच्या पुस्तकांसाठी रघुवीर मुळगावकरांनी रंगवलेली मुखपृष्ठे पाहताना चेहऱ्यावर पडणारा प्रकाश कोठून येतो, याचा किती विचार केलेला असे, ते जाणवते.

अशा मासिकांची आतली पाने लाकडाच्या लगद्याच्या स्वस्त कागदाची, मुखपृष्ठ मात्र गुळगुळीत कागदावर रंगीत छापलेले असे. लगद्यातील लिग्निन (लाकडाला कडकपणा देणारा घटक) आणि आम्लामुळे आतला कागद पिवळा पडून ठिसूळ होतो, आणि सोलापूरच्या कोरड्या उन्हाळ्यात तर पान उलटतानाच त्याचा कोपरा हातात येतो.

आमच्याकडे नुकसान उलट्या बाजूने झाले, याचे मला फार वाईट वाटते. लहानपणी मी ज्या वाचनालयात जात असे, तेथे पुस्तक आले की मुखपृष्ठ फाडून टाकून त्याला जाड पुठ्ठ्याची बांधणी करत. त्यामुळे कथा शेकडो हातांतून फिरूनही टिकल्या, चित्रे मात्र गेली. (मुळगावकरांची सही मी प्रथम पाहिली ती एका दिनदर्शिकेवर.) ज्यांच्याकडे मूळ मुखपृष्ठासह प्रती आहेत, त्यांनी त्या सपाट ठेवून स्कॅन कराव्यात आणि फाटलेल्या जागी चिकटपट्टी मुळीच लावू नये, कारण तिचा डिंक काही वर्षांत तपकिरी होऊन चित्रात उतरतो.