मदत हवी आहे: मिठाच्या द्रावणात सोडियम पॉलिअ‍ॅक्रिलेटची श्यानता

नमस्कार. मी सध्या उब्बेलोहडे व्हिस्कोमीटरवर (द्रव केशनळीतून वाहायला लागणाऱ्या वेळेवरून त्याची श्यानता, म्हणजे दाटपणा, मोजणारे काचेचे उपकरण) लांब, ऋणप्रभारित साखळ्यांचे बहुवारिक (पॉलिमर) असलेल्या सोडियम पॉलिअ‍ॅक्रिलेटची आंतरिक श्यानता (क्षपित श्यानतेचा आलेख शून्य संहतीपर्यंत वाढवून मिळणारे मूल्य) मोजत आहे. शुद्ध पाण्यात द्रावण जसजसे विरळ करावे तसतशी क्षपित श्यानता (बहुवारिकामुळे श्यानतेत झालेली सापेक्ष वाढ भागिले त्याची संहती) कमी होण्याऐवजी वाढत जाते, त्यामुळे आलेख शून्य संहतीपर्यंत वाढवताच येत नाही. प्रतिआयन (साखळीचा ऋणप्रभार तोलणारे सोडियम आयन) विरळ झाले की साखळीवरील ऋणप्रभार एकमेकांना अधिक दूरवरून ढकलतात आणि साखळी ताणली जाते, हे कारण मला पटते. ०.१ मोलर सोडियम क्लोराइडमध्ये मात्र डेबाय लांबी (साधारण ज्या अंतरापलीकडे द्रावणातील आयन प्रभाराचा परिणाम झाकून टाकतात ते अंतर) सुमारे १ नॅनोमीटरवर येते आणि बिंदू सरळ रेषेत बसतात.

माझी अडचण ०.००१ मोलर मिठाची आहे. तेथे ही लांबी सुमारे १० नॅनोमीटर असते आणि आलेख पुन्हा वाकतो. अशा वेळी त्याच मिठाच्या द्रावणाने विरळ करावे, की बहुवारिकाचे मुक्त प्रतिआयन हिशेबात धरून एकूण आयनिक तीव्रता (आयनांच्या संहती व प्रभारांवरून ठरणारे माप) स्थिर राहील असे अधिक संहत मिठाचे द्रावण वापरावे? दुसरा मार्ग मला योग्य वाटतो. पण मुक्त प्रतिआयनांचा अंश प्रत्यक्षात कसा ठरवावा? सोडियम इलेक्ट्रोडने तो विश्वासार्हपणे मोजता येईल का?

कॅल्शियम क्लोराइडही वापरून पाहिले, परंतु थेंब पडताच द्रावण दुधाळ झाले. हे मोजमाप स्वतः केलेल्यांनी कृपया सविस्तर लिहावे.