डंजनात व्हॉइडवॉकर घेऊन येणाऱ्या वॉरलॉकांना एक विनंती

करवंद:

वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट क्लासिक खेळणाऱ्यांसाठी धागा आहे, बाकीच्यांना कंटाळा येईल.

लेव्हल १५ ते २५ मधल्या वॉरलॉकने (पेट म्हणून राक्षस बोलावणारा जादूगार) पाच जणांच्या ग्रुपमध्ये डंजनला (ग्रुपने लढत जायचा बंदिस्त भाग) येताना इंप (आग फेकणारा छोटा राक्षस) आणावा. व्हॉइडवॉकर (मार झेलणारा, निळ्या ढगासारखा राक्षस) आणू नये. एकट्याने क्वेस्ट करताना त्याला पुढे घालून आपण मागे उभं राहायचं हे लेव्हल १० पासून अंगवळणी पडलेलं असतं, मान्य. पण डंजनमध्ये ते काम करायला टँक, म्हणजे शत्रूचा मार स्वतःवर घेणारा भिडू, असतो.

होतं काय, की टँक बहुतेक वेळा वॉरियर असतो. त्याला रेज (हल्ल्यांसाठी लागणारी ताकद) मिळतो तो मार देऊन आणि मार खाऊन. व्हॉइडवॉकर टॉर्मेंट (चिथावणारा हल्ला) मारून मॉब (शत्रू) स्वतःकडे ओढतो. मग वॉरियरला मार बसत नाही, रेज भरत नाही, संडर आर्मर (मॉबला टँककडे धरून ठेवणारा फटका) मारता येत नाही. तेवढ्यात मेजचा फायरबॉल लागतो आणि मॉब थेट मेजच्या अंगावर, कारण व्हॉइडवॉकरचा थ्रेट (मॉबचं लक्ष खेचून ठेवणं) खऱ्या डीपीएससमोर (जोरदार मारा करणाऱ्यांसमोर) टिकतच नाही. एका लग्नात दोन आचारी आणि भात दोघांच्याही हातून करपलेला, तशी गत.

याउलट इंप. लेव्हल १४ ला ब्लड पॅक्टची दुसरी रँक मिळते, ग्रुपमधल्या प्रत्येकाला ९ स्टॅमिना, म्हणजे ९० हेल्थ. लेव्हल १८ च्या कापडी कपड्यातल्या प्रीस्टला (ग्रुपला बरं करणारा हीलर) ९० हेल्थ म्हणजे एखादा फटका जास्त झेलता येणं. इंपला पॅसिव्हवर टाकून फेज शिफ्ट लावली तर त्याला कोणी हातही लावू शकत नाही आणि ब्लड पॅक्ट चालूच राहतो. शिवाय त्याला बोलवायला सोल शार्ड (मरत्या मॉबकडून मिळवायचा खडा) लागत नाही. इतकं सरळ असताना दर दुसऱ्या ग्रुपमध्ये निळा ढग कशाला?

---

निळा_ढग:

असहमत, आणि आयडीवरून पक्ष कळला असेलच.

तुमचं सगळं गणित टँक धड असेल तरच जुळतं. आपल्याकडून खेळणारे बरेच जण युरोपियन रेल्मवर (सर्व्हरवर) आहेत. तिथले संध्याकाळचे आठ म्हणजे हिवाळ्यात आपल्याकडे मध्यरात्रीचे साडेबारा. आपण रात्री आठला बसलो तर तिथे भर दुपार असते. अशा वेळी डेडमाइन्स या डंजनला 'टँक' म्हणून जो मिळतो तो पाठीवर दोन हाती कुऱ्हाड घेऊन आलेला असतो, बॅगेत ढाल नसते, आणि डिफेन्सिव्ह स्टान्सचं बटण त्याने बारवर ओढलेलंसुद्धा नसतं.

आता डेडमाइन्समधलाच प्रसंग घ्या. पहिला बॉस रॅकझॉर मेला की मागच्या बाजूने गस्त येते. टँक तोवर पुढच्या दारापाशी पोचलेला असतो. प्रीस्ट खाली बसून पाणी पीत असते. ते दोघे-तिघे पहिल्यांदा कुणावर पडतात? तिच्यावर. त्या क्षणी मी व्हॉइडवॉकरला अटॅक देतो, टॉर्मेंट मारतो आणि टँक धावत येईपर्यंतचे सहा-सात सेकंद निघून जातात. तुमचा फेज शिफ्टमधला इंप तेव्हा काय करतो? नाचतो.

टॉर्मेंट ऑटोकास्टवर (आपोआप चालू) ठेवणारे वॉरलॉक गाढव आहेत, हे मान्य. राइट क्लिक करून ते बंद करता येतं. पण तो दोष वॉरलॉकचा आहे, पेटचा नाही.

---

खडूस_ढाल:

करवंद यांच्याशी सहमत. दोन हाती कुऱ्हाडीचा टोमणा मिळाला, पोचला. (लेव्हल १७ ला बरी ढाल मिळते कुठे, तेही सांगा.)

---

सोनचाफा:

मी हीलर, त्यामुळे तुमची टँक आणि ढगाची भांडणं मला मागून दिसतात. पेटपेक्षा माझा जास्त जीव खाते ती लाइफ टॅप. वॉरलॉक स्वतःची हेल्थ देऊन मॅना (स्पेलसाठी लागणारी ताकद) घेतो आणि अर्ध्या हेल्थवर येऊन माझ्याकडे बघत उभा राहतो. त्याला वाटतं एक हील टाकली तर काय बिघडलं.

बिघडतं ते असं. शेवटचा स्पेल टाकल्यावर पाच सेकंद गेल्याशिवाय स्पिरिटवरचा मॅना भरायला लागत नाही. टँक ठीक असताना मी मुद्दाम हात आवरून बसलेली असते. तिथे वॉरलॉकसाठी एक हील टाकली की ती पाच सेकंदं पुन्हा पहिल्यापासून. त्याला मिळालेला मॅना माझ्याच खात्यातून गेलेला असतो, वर व्याजासकट.

---

निळा_ढग:

@सोनचाफा, हे अर्धंच खरं आहे. दोन पुलच्या (मॉब ओढून केलेल्या लढायांच्या) मधल्या वेळेत टॅप करून मी स्वतःच भाकरी खात बसलो तर तुमचं काही जात नाही. आणि टँकचं भागलेलं असताना एखादा रिन्यू (हळूहळू भरणारी हील) टाकलात तर मी लगेच उभा राहतो, ग्रुपला माझ्यासाठी थांबावं लागत नाही. चार जण ताटकळण्यापेक्षा एक रिन्यू स्वस्त.

---

सोनचाफा:

टॅप करून बसून खाणारा वॉरलॉक मला अजून भेटायचाय. भेटलात तर रिन्यू नक्की.

---

करवंद:

@निळा_ढग, टॉर्मेंट बंद केल्यावर व्हॉइडवॉकर उरतो कशाला? त्याचं डॅमेज नावापुरतं. गस्त येते तो एक क्षण सोडला तर उरलेला पाऊण तास तो नुसता टँकच्या शेजारी उभा. त्या पाऊण तासात इंपचे फायरबोल्ट आणि पाच जणांची ९० हेल्थ तुम्ही घालवलीत. आणि तो मेला की नवा बोलवायला शार्ड. लेव्हल १८ ला सहा-सहा खणांच्या पिशव्या, एकावर एक न बसणारे शार्ड, त्यात डेफियासचे (डेडमाइन्समधल्या टोळीचे) लाल रुमाल. जागा कुठे आहे?

---

निळा_ढग:

जागा करावी लागते. शार्ड तसेही गोळा करायचेच असतात, हेल्थस्टोनला लागतात, लेव्हल १८ पासून हीलरवर सोलस्टोन (मेल्यावर परत उठवणारा दगड) लावायला लागतात, आणि २० ला समनिंग शिकलो की गावभर फिरणाऱ्या पाचव्या भिडूला ओढून आणायलाही. मॉब मरायच्या बेताला आला की ड्रेन सोल सुरू करायचं, त्यात तो मेला तर शार्ड मिळतो. डेडमाइन्समध्ये मॉबना तोटा नाही.

आणि खरं सांगायचं तर त्या लेव्हलला आमचं डॅमेज हा विनोदच असतो. कर्स ऑफ अ‍ॅगनी (सावकाश मारणारा शाप) २४ सेकंदांचा, त्यातले जोरदार टिक शेवटी. रोग आणि मेज मिळून मॉबला तोवर जगू देत नाहीत. म्हणजे वॉरलॉक ग्रुपला उपयोगी पडतो तो दगड, समन आणि पेट यांच्यामुळे. मग पेट संकटात कामाला येणारा का नसावा?

---

बाणेदार:

हंटर म्हणून दोन पैसे. कुठला पेट यावर एवढं भांडताय, पण पेट मागे राहिला तर काय होतं त्यावर कोणी बोलेना. नोमरेगन या डंजनमध्ये वरच्या कठड्यावरून खाली उडी मारतात, ती जागा आठवा. माणसं उडी मारतात, पेट मारत नाही. तो पूर्ण वळसा घालून येतो आणि वाटेतले सगळे ट्रॉग मागे घेऊन येतो. मग ग्रुप चॅटमध्ये मोठ्या अक्षरांत जे येतं ते इथे लिहिता येणार नाही.

हंटरला डिसमिस करायला पाच सेकंद थांबावं लागतं. वॉरलॉकचं तर लगेच होतं, पोर्ट्रेटवर राइट क्लिक, डिसमिस. तरी विसरतात. आमच्यातले ग्राउल (हंटरच्या पेटचा टॉर्मेंट) चालू ठेवणारेही त्याच पंगतीतले, हे आधीच कबूल करून टाकतो. ह. घ्या.

---

नवशिका:

प्रश्न विचारू का? माझा वॉरलॉक लेव्हल १६ आहे, इंप आहे, पण ब्लड पॅक्टने टँकला जेमतेम ३० हेल्थ मिळते. ९० कुठून आली?

---

करवंद:

तुमची अजून पहिली रँक आहे. पेटचे स्पेल वॉरलॉक ट्रेनरकडे मिळत नाहीत. त्याच्या आसपास डीमन ट्रेनर उभा असतो, त्याच्याकडून ग्रिमॉयर नावाचं पुस्तक विकत घ्यायचं. घेताना इंप बोलावलेला ठेवा, आणि पुस्तकावर क्लिक करून ते त्याला शिकवायला विसरू नका. फेज शिफ्टचंही असंच पुस्तक आहे, लेव्हल १२ चं. तेही घ्या.

---

एकच_जीव:

हार्डकोअरचा मुद्दा कोणीच काढला नाही. २०२३ मध्ये अधिकृत हार्डकोअर रेल्म आल्यापासून मी तिथेच खेळतो. तिथे मेलं की कॅरॅक्टर संपलं, सोलस्टोन लावून परत उठता येत नाही. म्हणजे ढगभाऊंच्या यादीतला एक दगड बाद.

पण लेव्हल १६ ला व्हॉइडवॉकरला सॅक्रिफाइस मिळतं. त्याचा बळी दिला की वॉरलॉकभोवती शील्ड येतं. ग्रुप वाइप होतोय (सगळे मरतायत) असं दिसलं की शील्ड घ्यायचं आणि दाराकडे पळायचं. मी त्याच्यामुळे जिवंत आहे.

---

सोनचाफा:

आणि हीलर?

---

एकच_जीव:

हीलरला फेड आहे.

---

सोनचाफा:

फेडने थ्रेट तात्पुरता कमी होतो, टँक मेलेला असेल तर मॉब जाणार कुठे? तुमच्याकडे शील्ड आहे, माझ्याकडे वॉरलॉकची पाठ बघणं आहे. तीच ९० हेल्थ माझ्या अंगावर असती तर वाइपच कदाचित झाला नसता. हार्डकोअरमध्ये तर इंपच आणा म्हणेन मी.

---

खडूस_ढाल:

पेट कुठलाही आणा, पण फिअर (मॉबला घाबरवून पळवणारा स्पेल) मारू नका. डेडमाइन्समध्ये फिअर खाल्लेला मॉब पळत पुढच्या खोलीत जातो आणि चार जणांना घेऊन परत येतो. ते चार मला सांभाळावे लागतात, फिअर मारणारा तेव्हा पाणी पीत असतो.

---

निळा_ढग:

फिअरवर सहमत, अगदी शेवटचा उपाय आहे तो. पण डेफियास फिअर न मारताही पळतात, हेल्थ कमी झाली की. त्यावर उपाय आमच्याकडेच आहे, कर्स ऑफ रेकलेसनेस, लेव्हल १४ ला मिळतो. तो लागलेला मॉब पळत नाही. त्यासाठी आजवर एकाही टँकने 'थँक्स' म्हटलेलं नाही.

---

खडूस_ढाल:

कारण त्याने मॉबची अटॅक पॉवर वाढते, आणि तो मार मी खातो.

---

निळा_ढग:

म्हणूनच पुलच्या सुरुवातीला टाकायचा नसतो. मॉब पळायच्या बेतात आला की अ‍ॅगनी काढून हा लावायचा. आपला एका मॉबवर एकच कर्स राहतो, त्यामुळे अ‍ॅगनीचे उरलेले टिक जातात. जाऊ देत, तसेही ते पूर्ण होणार नव्हतेच.

---

खडूस_ढाल:

हे चालेल. शनिवारी रात्री साडेबाराला व्हॅनक्लीफपर्यंत (डेडमाइन्सचा म्होरक्या) जायचा बेत आहे, एक डीपीएस कमी आहे. येत असाल तर व्यनि करा. ढाल मिळाली आहे.

---

निळा_ढग:

येतो. ढग घेऊन.

---

सोनचाफा:

हीलर मी आहे. भाकऱ्या आणा.